सत्तरीचे आयुष्मान कार्ड: हक्क आपला, तयारीही आपलीच

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली. वय चौऱ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. भाचा बंगळुरूला असतो, त्यामुळे मी आणि शेजारच्या घरातला मुलगा असे आम्ही दोघांनी तिला इथल्याच एका खासगी रुग्णालयात नेले. रुग्णालय आयुष्मान योजनेत होते. ताई सत्तरीच्या पुढची होती. म्हणजे नियमाप्रमाणे तिच्यावर मोफत उपचार व्हायला हरकत नव्हती. फक्त तिचे कार्ड काढायचे राहिले होते.

"त्यात काय, आत्ता काढू," असे म्हणून मी आयुष्मान मित्राच्या टेबलापाशी जाऊन बसलो. आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला. पण गेला कुठे? ताईच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर आमच्या मेहुण्यांचा होता. ते जाऊन पाच वर्षे झाली आणि नंबरही कधीच बंद पडला. मग बोटांचे ठसे घेऊन पाहिले. जन्मभर भांडी घासून, पोळ्या लाटून झिजलेली ती बोटे. यंत्राने एकही ठसा मानला नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायचा प्रयत्न दोनदा केला, पण कळांनी तळमळणारे माणूस कॅमेऱ्यासमोर स्थिर कसे राहणार? डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लांबवण्यात अर्थ नाही. भाच्याने पैसे पाठवले, शस्त्रक्रिया झाली. एकूण एक लाख पासष्ट हजार. चौथ्या दिवशी कार्ड निघाले. पण ही योजना रोख परतावा देणारी नाही. जे आधी भरले ते गेले.

टेबलावरच्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने आपले काम नीट केले. दोष द्यायचाच तर मला द्यावा लागेल. छत्तीस वर्षे मी बँकेत काढली. 'सही जुळत नाही', 'नावात फरक आहे, शपथपत्र घेऊन या' असे सांगून किती माणसांना खिडकीवरून परत पाठवले असेल, त्याचा हिशेब नाही. आणि सख्ख्या बहिणीचे आधार कार्ड मात्र मी कधी हातात घेऊन वाचले नव्हते. आपल्या मंडळातल्या कुणावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

योजना नेमकी काय आहे

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झाली. तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतील गरीब कुटुंबांसाठी होती. आपल्या मध्य प्रदेशात ती 'निरामयम्' नावाने आली आणि इथे संबल योजनेतील व रेशन पात्रतेतील कुटुंबांनाही तिच्यात घेतले गेले. आपल्यातील बहुतेक घरे, म्हणजे नोकरदार, पेन्शनर, छोटे व्यापारी, या यादीत नव्हती. त्यामुळे 'आयुष्मान' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचायचो आणि पान उलटायचो.

बदल झाला तो ११ सप्टेंबर २०२४ रोजी. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला ही योजना लागू व्हावी, मग त्याचे उत्पन्न कितीही असो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीला, ती सुरू झाली. या वयोगटासाठी वेगळे कार्ड आहे, 'आयुष्मान वय वंदना कार्ड'. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशन कार्ड नाही, कुणाची शिफारस नाही. लागते ते फक्त आधार. आपल्या सरकारी योजनांमध्ये केवळ वय हाच निकष असणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती अजून अनेकांच्या लक्षात आलेली नाही.

मिळते काय? कुटुंबातील सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार. नवरा-बायको दोघेही सत्तरीचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नव्हे. ज्यांचे कुटुंब आधीपासून योजनेत आहे, त्यांच्या सत्तरीपुढच्या सदस्यांना मात्र घरच्या पाच लाखांखेरीज वेगळे पाच लाख मिळतात आणि ते घरातल्या तरुणांच्या आजारपणात खर्ची पडत नाहीत. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. खासगी विम्यात असतो तसा थांबण्याचा काळ इथे नाही. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा तपासण्या-औषधांचा खर्चही धरलेला आहे.

मिळत नाही काय, हेही तितकेच स्पष्ट असू द्या. बाह्यरुग्ण तपासणी नाही. दर महिन्याची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे नाहीत. खोली सर्वसाधारण वॉर्डाची. आणि योजनेत नोंदलेले रुग्णालयच हवे.

दोन उलटसुलट गैरसमज

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन प्रकारचे उद्गार ऐकले. पहिला: "ते गरिबांचे कार्ड, आपण कशाला कुणाचा वाटा घ्यायचा?" बोलणारे आजोबा मनाने मोठे आहेत. पण इथे एकाचे कार्ड निघाल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. ही योजना केंद्र आणि राज्याच्या तिजोरीतून चालते, मध्य प्रदेशात साठ-चाळीस या प्रमाणात. ती तिजोरी आपण चाळीस-चाळीस वर्षे कर भरून भरली आहे. कार्ड काढणे म्हणजे वापरणे नव्हे. घरात अग्निशामक नळकांडे ठेवतो, ते आग लागावी म्हणून नव्हे.

दुसरा उद्गार याच्या अगदी उलट: "चला, आता मेडिक्लेम बंद करून टाकतो, हप्ता वाचला." हे जास्त धोक्याचे आहे. माझ्यासारख्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना सामूहिक विम्याच्या वाढत्या हप्त्याने किती घाम फोडला आहे ते मला ठाऊक आहे. तरीही मी सांगेन, थांबा. खासगी विमा असलेल्यांना वय वंदना कार्ड काढता येते. दोन्ही एकत्र ठेवता येतात. कर्मचारी राज्य विमा असलेल्यांनाही तीच मुभा आहे. ज्यांना केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस लागू आहे, त्यांना मात्र जुनी योजना किंवा ही, यांपैकी एकच निवडावी लागते. त्यांनी घाई न करता नीट विचार करून ठरवावे.

विमा का सोडू नये, याचे साधे गणित मांडतो. मंत्रिमंडळाच्या निर्णयाच्या वेळी या विस्ताराचा सुरुवातीचा अंदाजित खर्च ३,४३७ कोटी रुपये सांगितला गेला आणि लाभार्थी सुमारे सहा कोटी. भागाकार करून पाहा, माणशी पावणेसहाशे रुपयेही होत नाहीत. खासगी कंपनी सत्तरीच्या माणसाकडून वर्षाला कित्येक हजार घेते. म्हणजे एकतर सगळे लोक वापरणार नाहीत असे धरले आहे किंवा उपचारांचे दर फार खाली ठेवले आहेत. माझ्या मते दोन्ही. दर खाली म्हणून मोठी खासगी रुग्णालये कचरतात, आणि पैसे वेळेवर आले नाहीत तर आत असलेलीही अडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणावरून या योजनेखालची सेवा थांबवली होती. ज्या दिवशी आपल्याला गरज पडेल त्या दिवशी जवळचे रुग्णालय 'हो' म्हणेलच, याची हमी कार्ड देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा तरी भार उतरला. झेपत असेल तोवर विमा चालू ठेवा. रक्कम कमी करावी लागली तर कमी करा, पण या वयात एकदा सोडलेला विमा पुन्हा मिळणे अवघड असते.

अडते कुठे: मोबाईल, वय आणि नाव

आता मुख्य मुद्दा. कार्ड कागदावर सोपे आहे. आयुष्मान ॲपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघते, एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर निघते, योजनेतील रुग्णालयात निघते. पण एकाच कागदावर सगळे उभे असल्यामुळे त्या कागदातली प्रत्येक चूक आपल्यावर उलटते. आपल्या घरांतल्या ज्येष्ठांच्या आधारमध्ये मला तीन चुका पुन्हा पुन्हा दिसल्या.

पहिली, मोबाईल नंबर. ताईची गोष्ट वर सांगितलीच. आपल्याकडे आईच्या आधारला बाबांचा नंबर, आजीच्या आधारला नातवाचा नंबर, आणि नातू आता पुण्याला किंवा कॅनडात. काही घरांत तर नंबर जोडलेलाच नाही. गंमत अशी की याच योजनेवरच्या २०२३ सालच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. मोबाईल क्रमांकाला ओळख पटवण्यात स्थान नाही, असे सरकारने त्यावर सांगितले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. ठसे, बुबुळे, चेहरा हे इतर मार्ग आहेतच. पण ठसे झिजलेल्या माणसासाठी ओटीपी हाच सोपा मार्ग उरतो, आणि तिथे नंबर बंद असला की दार बंद.

दुसरी, वय. २०११-१२ च्या सुमारास शाळांमधून, धर्मशाळांमधून आधारची शिबिरे झाली तेव्हा गर्दीत वय अंदाजाने सांगितले गेले. "लिहा हो, पासष्टच्या आसपास." पुष्कळ जुन्या कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसून फक्त जन्मवर्ष आहे. काहींवर १ जानेवारी ही सोयीची तारीख आहे. या योजनेत पात्रता ठरते ती आधारवरच्या वयाने. घरातल्या पत्रिकेत पंचाहत्तर असोत, आधारवर अडुसष्ट असतील तर तुम्ही अडुसष्टचे.

तिसरी चूक खास आपली, म्हणजे मराठी घरांची आहे. ती नावांची. आपल्यातील एका वहिनींचे उदाहरण देतो. वय खरे बहात्तर, आधारवर सदुसष्ट. दुरुस्तीसाठी पुरावा हवा, आणि पुरावा घरात आहे! मध्य प्रदेश बोर्डाचे हायर सेकंडरीचे प्रमाणपत्र, जन्मतारखेसह, जपून ठेवलेले. पण त्यावर नाव माहेरचे. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतेच, पण नवऱ्याने तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नावही मिळते. म्हणजे प्रमाणपत्रावरची मुलगी आणि आधारवरची बाई यांच्यात पहिले नाव, मधले नाव, आडनाव, काही म्हणजे काही जुळत नाही. केंद्रावरच्या माणसाने कशावरून मानायचे की या दोघी एकच? शेवटी दादा-वहिनींनी महापालिकेत विवाहनोंदणी केली, लग्नाला एकावन्न वर्षे झाल्यावर! ते प्रमाणपत्र आणि शपथपत्र जोडून तिसऱ्या खेपेला तारीख दुरुस्त झाली. दोघांनी त्या दिवशी पेढे वाटले.

याशिवाय लिपीचे घोळ आहेतच. इथल्या हिंदीत 'ळ' नाही, म्हणून काळे 'काले' होतात आणि पोळ 'पोल'. इंग्रजीत 'ज्ञ' आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीभाषक जी-वाय लिहितात, त्यामुळे एकाच ज्ञानेश्वररावांची दोन माणसे होतात. फडक्यांचा 'फ' कुठे पी-एच तर कुठे एफ. मधले नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. वय वंदना कार्ड थेट आधारवरून निघते, म्हणून नावाच्या या फरकाने ते सहसा अडत नाही. पण दुरुस्तीला गेलात किंवा समग्र आयडीची ई-केवायसी करायला गेलात, की हाच फरक आडवा येतो.

आणि एक सावधगिरी. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून घाईने चुकीची दुरुस्ती करून ती एकमेव संधी वाया घालवू नका. नावाची, जन्मतारखेची किंवा मोबाईलची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपयांत होते. कोणते कागद चालतात त्याची यादी आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे. ती आधी वाचून मग घरातून निघा.

सरकारकडून एक अपेक्षा

बँकेत एखाद्याची साठी उलटली की ठेवीवर ज्येष्ठांचा जादा व्याजदर लागतो. त्यासाठी ग्राहकाला आजारी पडावे लागत नाही. जन्मतारीख नोंदीत असते, बाकीचे काम यंत्रणा करते. सरकारजवळ आधारमध्ये सगळ्यांची वये आहेत. पेन्शन देणाऱ्या बँकांना आपला कोणता पेन्शनर सत्तरीला आला ते ठाऊक आहे. मग सत्तरावा वाढदिवस झाला की कार्ड आपोआप तयार का होऊ नये? निदान एक पत्र का येऊ नये? दर नोव्हेंबरला आपण हयातीचा दाखला देतो, तेव्हा ओळख पटवण्याची सगळी कसरत होतेच. त्याच खिडकीवर, त्याच पाच मिनिटांत, हे कार्डही निघू शकेल. आज हक्क सरकारने दिला आहे, पण तो मागायला जाण्याचे ओझे म्हाताऱ्या माणसावर ठेवले आहे, आणि तेही बहुधा रुग्णालयाच्या दारात. ही योजनेची खरी उणीव आहे असे मला वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओळख काटेकोर तपासली नाही तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालातील घोळ वर आलेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने खेड्यात मोफत तपासणी शिबिर घेऊन माणसे आणली, त्यांच्यावर अँजिओप्लास्टी केल्या, त्यांत दोघे दगावले आणि प्रकरण पोलिसांत गेले. तिथेही आयुष्मान कार्डेच होती. म्हणून कार्ड हातात असले तरी 'फुकट आहे, करून टाका' या मोहात पडू नये. मोठी शस्त्रक्रिया सुचवली आणि तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तपासणी कडक असावी, पण ती माणूस उभा राहू शकतो तेव्हा व्हावी, स्ट्रेचरवर नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे.

या रविवारी करायची कामे

सकाळचे पोहे झाले की घरातल्या सत्तरीपुढच्या आणि सत्तरीला टेकलेल्या प्रत्येकाचे आधार बाहेर काढा आणि हे पाहा:

१. जन्मतारीख पूर्ण आणि खरी आहे का?

२. जोडलेला मोबाईल चालू आहे का आणि तो त्याच घरात असतो का? नसेल तर आधार केंद्रात जाऊन बदला. शक्यतो ज्येष्ठांचा स्वतःचा नंबर ठेवा. मुलाचा नंबर देणे सोपे, पण ओटीपी येतो तेव्हा मुलगा मीटिंगमध्ये असतो.

३. दोन्ही ठीक असेल तर लगेच आयुष्मान ॲपवर कार्ड काढा. ठसे उमटत नसतील तर बुबुळे तपासणारे यंत्र असलेल्या केंद्रावर जा.

४. कार्डाची प्रत मोबाईलमध्ये ठेवा, एक छापून देव्हाऱ्याजवळच्या फायलीत ठेवा आणि एक परगावच्या मुलाकडे पाठवा. कार्ड हरवले तर घाबरू नका. आधारवरून तेच पुन्हा उतरवून घेता येते. कार्ड हरवले म्हणून हक्क हरवत नाही.

५. घराजवळची योजनेतील दोन रुग्णालये कोणती, ते आजच पाहून लिहून ठेवा. हे कार्ड परराज्यातील योजनेतील रुग्णालयातही चालते, म्हणून पुण्याला मुलाकडे चार महिने राहायला जाताना ते सोबत न्या आणि तिथलीही दोन नावे काढून ठेवा.

६. अचानक दाखल करावे लागले तर पैसे भरण्याआधी आयुष्मान मित्राचे टेबल गाठा. अडचण आली तर १४५५५ या क्रमांकावर फोन करा.

७. कार्डाला शुल्क नाही. 'कार्ड मंजूर करून देतो' म्हणून फोनवर ओटीपी मागणारा माणूस चोर आहे, असे समजून फोन ठेवा.

ज्यांच्या घरी कुणी तरुण नाही, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात आधार आणि मोबाईल घेऊन यावे. दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे असतो. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी आम्ही दोघेतिघे येऊ, फक्त निरोप द्या.

ताई आता काठी घेऊन चालते. परवा तिला नवीन नंबर जोडलेले आधार दाखवले, तर म्हणाली, "इतकी वर्षं लोकांचे कागद तपासलेस, माझे एकदा आधी बघितले असतेस तर!" मला उत्तर सुचले नाही. तुमच्या घरी असे कुणी विचारायच्या आत तुम्ही बघून घ्या.